पांढऱ्यावरची पाहणी

लुत्फी उस्तादांनी खिशातून चाकू काढला, पातं उघडलं आणि ते तसंच हातात धरून कपाटाकडे बघत राहिले, तेव्हा कुठे इन्साफचं कपाटाकडे लक्ष गेलं. कपाट गडद तपकिरी होतं. आक्रोडी पॉलिशचे तीन हात बसलेले, वरच्या वेलबुट्टीला सोनेरी वर्ख लागलेला, समोर उभं राहून भांग पाडावा इतकी चकाकी. पलंग तसाच, आरशाचं टेबलही तसंच. कोरं लाकूड तिला कुठेच दिसेना.

चाकूत घाबरण्यासारखं काही नव्हतं. इजिप्तच्या या दुम्यात शहरात फर्निचर घ्यायला येणारा प्रत्येक मुलीचा बाप असला बोटभर चाकू घेऊनच येतो. पॉलिशच्या आधी कोरं लाकूड मांडून ठेवायचं, घरच्यांनी येऊन ते टोकरायचं, ठोकायचं, वास घ्यायचा, खण ओढून बघायचे, आणि त्यांनी मान हलवली की मगच रंगाच्या डब्याचं झाकण उघडायचं. याला इथे पांढऱ्यावर बघणं म्हणतात. बदरावींच्या, म्हणजे इन्साफच्या वडिलांच्या, कारखान्यातून गेल्या त्रेपन्न वर्षांत साधं स्टूलसुद्धा पांढऱ्यावर न दाखवता पुढे गेलं नव्हतं.

"मॅडम," लुत्फी उस्ताद म्हणाले. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, आवाज न चढवता बोलायची सवय. "आम्ही उशिरा आलो का?"

"नाही उस्ताद. आजचीच तारीख होती."

"तुमचा फोन आला नाही. म्हटलं, दिलेली तारीख आहे तर मन्सूऱ्याहून निघावं. बरोबर मेव्हण्याला घेतलं, तो सुतार आहे. त्याची एक दिवसाची मजुरी बुडाली. आणि इथे बघतो तर सगळं उरकलेलं."

मेव्हणा पलंगाच्या खुराशी उकिडवा बसला होता. त्याने नखाने पॉलिश खरवडून बघितलं, नख घसरलं. "चांगला हात आहे पॉलिशवाल्याचा," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. "आत काय आहे ते देवाला माहीत."

लुत्फी उस्तादांची बायको पुढे आली. ती म्हणाली, "लग्न पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी आहे, बाई. माझ्या मुलीला मी न बघितलेल्या लाकडावर झोपवायचं का?"

तेवढ्यात इन्साफचा धाकटा भाऊ हिल्मी मिठाईचा खोका घेऊन धावत आला. शोरूम तो सांभाळायचा, आणि गिऱ्हाईक तापलं की साखरेच्या पाकातली मशब्बकची वेटोळी पुढे करायची एवढाच त्याच्याकडे उपाय होता. लुत्फी उस्तादांनी खोक्याकडे बघितलंही नाही. त्यांनी चाकू मिटला.

"तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर येतो," ते म्हणाले. "मला लाकूड दाखवा. कसं दाखवायचं ते तुम्ही ठरवा. नाहीतर हे सामान तुमचं तुम्हाला राहू द्या. मन्सूऱ्यात मी काय सांगेन ते मी ठरवीन."

ते गेल्यावर इन्साफ पॉलिशच्या शेडमध्ये गेली. तिथे ओळीने अकरा नवऱ्यामुलींचं सामान चकाकत उभं होतं. तिने नावाच्या चिठ्ठ्या वाचल्या. एकाही घरचं माणूस येऊन गेलेलं नव्हतं. लुत्फी उस्ताद हे पहिले होते, इतकंच.

*

दहा दिवसांपूर्वी, ईदनंतरच्या पहिल्या शनिवारी, कारखाना कंप्युटरच्या नव्या सिस्टीमवर गेला होता. आता ईदनंतरचाच मुहूर्त का, तर दुम्यातमध्ये रमझानात कोणीही काहीही विचारलं की उत्तर एकच मिळतं, ईदनंतर बघू. लग्नं ईदनंतर, घराची डागडुजी ईदनंतर, दात काढणं ईदनंतर. त्यामुळे वर्षातलं सगळ्यात जास्त काम ज्या पंधरवड्यात येतं, नेमका त्याच पंधरवड्यात बदरावींनी जुनं सोडून नवं धरलं. इन्साफने तेव्हा विरोध केला होता. पण इतक्या महिन्यांनी सगळे एकदाचे एका वाक्यावर आले होते, तेव्हा तिने ते वाक्य मोडलं नाही.

हो म्हणायला घरच्यांनी आठ महिने घेतले होते. पाच कंपन्यांचे लोक येऊन भिंतीवर चित्रं दाखवून गेले. रिफअतने, शेड सांभाळणाऱ्या तिच्या पाठच्या भावाने, पाचही वेळा हाताची घडी घालून एकच प्रश्न विचारला, "याला रंधा धरता येतो का?" हिल्मी ज्याचं शेवटचं ऐकेल त्याच्या बाजूने. वडील, हाज शलबी, अर्ध्या तासाने डोळे मिटायचे. एका कंपनीचं सॉफ्टवेअर औषधांच्या दुकानासाठी केलेलं होतं, त्यात कपाटाला मुदत संपायची तारीख विचारत होते. दुसऱ्याला शुक्रवार सुट्टीचा असतो हे शिकवता येत नव्हतं. शेवटी काहिऱ्याच्या इंजिनियर बासिलचं तिने पसंत केलं, कारण बोलण्याआधी शेडमधून एक चक्कर मारून आलेला तो एकटाच होता. आणि कारखाना आता तीन जागी पसरला होता, दीडशे माणसं होती, कुठल्या नवरीचं कपाट कुठल्या शेडमध्ये आहे हे फक्त इन्साफच्या वह्यांत आणि इन्साफच्या डोक्यात होतं. ती बावन्न वर्षांची होती. एकदा तिला चार दिवस ताप आला तर चार दिवस एकही ट्रक हलला नव्हता.

वह्यांतलं सगळं कंप्युटरवर घालायचं काम केलं रिहामने, रिफअतच्या मुलीने. सव्वीस वर्षांची, मन्सूऱ्याला शिकलेली, आत्याच्या हाताखाली ऑफिसात बसून दोन वर्षं झालेली. पोरगी इतकी टापटिपीची की अकरा वह्यांचं एकेक पान तिने काचेच्या पट्टीखाली सपाट करून, दुमडलेले कोपरे उलगडून फोटो काढले. इन्साफ तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "माझ्या वह्यांना इतकी वर्षं मी कधी इतकं नीट वागवलं नाही." आपल्यानंतर या खुर्चीवर हीच बसणार हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. रिफअतच्या मनात वेगळं होतं. पोर्टसईदहून एक स्थळ आलं होतं, आणि त्या लोकांना ऑफिसात बसणारी सून नको होती.

मग गंमत झाली. सिस्टीम सुरू झाली आणि तिचा सगळ्यात मोठा भक्त झाला तो रिफअत. सुतारकाम संपलं की लगेच चिठ्ठी निघे, 'पॉलिशकडे'. पूर्वी कोरं सामान तीन-तीन दिवस वाट अडवून उभं असायचं, आता शेड मोकळी. मागच्या शुक्रवारी जेवताना त्याने कांदा भरलेल्या बदकाची तंगडी स्वतःच्या हाताने इन्साफच्या ताटात वाढली होती. "ताई, मी मूर्ख होतो," तो म्हणाला होता. इन्साफने ती तंगडी आवडीने खाल्ली. काम इतकं भरभर का होतंय, हे तिला विचारावंसं वाटलं नव्हतं.

*

दुपारच्या नमाजानंतर सगळे वरच्या ऑफिसात जमले. हाज शलबी काठी टेकत जिना चढून आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. एक्याऐंशी वर्षांचे, पण वार्निशच्या वासावरून आजही ओळखत की कोणत्या डब्यात रॉकेल मिसळलंय.

"किती?" त्यांनी विचारलं.

"अकरा, बाबा," इन्साफ म्हणाली.

"अकरा घरं. न दाखवता." त्यांनी काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरली. "माझा बाप ज्याच्याकडे कामाला होता, तो लांबी भरून गाठी लपवायचा. मी दुकान काढलं तेव्हा लाकूड रस्त्यावर उन्हात मांडलं. या आणि बघा. म्हणून लोक आले. नक्षी काढणारे गल्लीत शंभर होते."

त्यांनी काठी टेबलाकडे वळवली.

"हिल्मी, त्या इंजिनियरला फोन लाव."

हिल्मीने फोन टेबलावर ठेवला. इंजिनियर बासिलचा आवाज खोलीभर आला, नेहमीसारखा गोड आणि नेहमीसारखा निरुपयोगी. "मॅडम, सिस्टीम तुमच्या यादीप्रमाणे चालते. सुतारकाम, मग पॉलिश, मग वर्ख, मग गाद्या, मग ट्रक. मधे काही असल्याचं यादीत नाहीये."

"मधे लाकूड दाखवायचं असतं, इंजिनियरसाहेब," इन्साफ म्हणाली.

"तिथे काम कोण करतं?"

"कोणी नाही. लाकूड नुसतं उभं असतं."

"मग ती पायरी कशी? पायरीला काम करणाऱ्याचं नाव लागतं. आणि तो रजेवर असेल तर बदली माणसाचं. ही दोन नावं नसली तर सिस्टीम ती पायरी घेतच नाही. नावं द्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"आठ महिन्यांत हे विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"मला कसं माहीत असणार, मॅडम? माझ्या सासऱ्यांनी फर्निचर मॉलमधून घेतलं."

हिल्मीने फोन बंद केला. मग तो खुर्ची फिरवून मोठ्या भावाकडे वळला. सकाळपर्यंत तो रिफअतच्या बाजूने होता. "तुझ्या डोळ्यांसमोरून गेलं हे. तीस वर्षं तू लोकांना लाकूड टोकरताना बघतोयस. अकरा वेळा कोणीच आलं नाही, तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं," रिफअत म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी वाटलं."

"मग तोंड शिवलं होतं का?" इन्साफ तडकली. सकाळपासून ती याची मानगूट धरायला टपली होती. "वर येऊन एक शब्द सांगायला काय झालं होतं तुला?"

रिफअतने तिच्याकडे बघितलं. त्याच्या भुवयांवर भुसा होता, जन्मापासूनच असावा असा. "ताई, तूच सांगितलंस ना. माझ्या माणसांसमोर सांगितलंस. रिफअत, आता स्वतःचं डोकं चालवू नकोस, चिठ्ठीवर येईल तसं कर. सारखं वर येऊन विचारू नकोस. मला वाटलं, तू दाखवून घेतलं असशील. नसेल घेतलं, तर तुझं तू बघशील. चिठ्ठीवर आलं, तसं केलं."

तिने खरंच तसं म्हटलं होतं. शब्दही हेच होते. तिचा राग जागच्या जागी फिरला, पण गेला नाही. या घरात एकही माणूस धड चुकत नाही, तिला वाटलं, प्रत्येक जण दुसऱ्याच्या परवानगीने चुकतो.

"म्हणजे यादीतच नव्हतं," हाज शलबी म्हणाले. "यादी कोणी केली?"

सगळ्यांना ठाऊक होतं. रिहाम भिंतीला टेकून उभी होती. "मी, आजोबा."

"पांढऱ्याचं का नाही लिहिलंस?"

"मी शेडमध्ये फिरून प्रत्येकाला विचारलं की तुम्ही काय करता. सगळ्यांनी आपापलं काम सांगितलं. आणि आत्याच्या वह्यांतला शब्दन् शब्द उतरवून घेतला." तिने मान खाली घातली नाही. "माझ्याकडून सुटला असेल तर एखादा आकडा सुटला असेल. एवढी मोठी गोष्ट कशी सुटेल?"

"सुटली तर आहे."

"हो, आजोबा."

"तू या घरात वाढलीस. तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. पण ते आपोआप होतं असं वाटायचं मला. लहानपणापासून. सामान उभं असतं, लोक येतात, आत्या खाली जाते. त्याला कोणीतरी सांगावं लागतं, हे मला—" ती थांबली.

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर नदीकडे बघितलं. "उद्यापासून हिने ऑफिसात बसायचं नाही. ते जे घेतलंय ते बंद करा. वह्या बाहेर काढा. इन्साफ आधी करत होती तसं करेल."

"बाबा, ती वर्षभर राबलीय यासाठी," इन्साफ म्हणाली.

"मीसुद्धा राबलोय."

तिने रिफअतकडे बघितलं. बाप होता तो मुलीचा, निदान एक शब्द. रिफअत पँटवरचा भुसा झटकत होता. "मी आधीपासून म्हणतच होतो," तो पुटपुटला. "पोर्टसईदचे लोक पुन्हा विचारत होते."

रिहामने बापाकडे पाहिलं. इन्साफला ते बघवलं नाही.

"थांबा," ती उठत म्हणाली. "वहीत असणारच. मी रोज लिहायचे. वहीत असेल आणि हिने सोडलं असेल तर मी स्वतः हिला घरी नेऊन सोडते. पण आधी बघू तर द्या."

*

वह्या शेजारच्या खोलीत लोखंडी कपाटात होत्या. तिने मधली एक ओढली, उभ्यानेच उघडली. तिचंच अक्षर, तिरकं आणि घाईचं. नवरीचं नाव, बापाचं नाव, गाव, लाकूड, नक्षीचा नमुना, सुतार कोण, पॉलिशवाला कोण, ट्रकचा गुरुवार. तिने पान उलटलं. पुन्हा तेच. पाहणीचा शब्द कुठे नव्हता. पुढचं पान, त्याच्या पुढचं. दुसरी वही. तिसरी. ती आता भराभर उलटत होती, जणू वही मुद्दाम लपवतेय. बावीस वर्षं ती हे बघत आली होती, कोणाला दाखवलं आणि कोणाला नाही यात तिची एकदाही गल्लत झाली नव्हती. मग ती ओळखायची कशावरून?

तिचा अंगठा पानाच्या खालच्या कोपऱ्यावर होता. तिथे एक घडी होती, काचेखाली दाबून सपाट केलेली, पण कागद विसरला नव्हता. तिचा अंगठा हलला आणि कोपरा आपोआप वर दुमडला गेला.

इन्साफ लोखंडी कपाटाला टेकली.

घरचे लोक येऊन बघून गेले, मान हलली, की ती कोपरा दुमडायची. मग खाली ओरडून सांगायची, याला रंग लावा. दुमडलेला कोपरा म्हणजे बघून झालं, सरळ कोपरा म्हणजे अजून नाही. तिने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण हे ती करते हेच तिला माहीत नव्हतं. आणि यंदा ज्यांचं व्हायचं होतं त्या अकराजणांचे कोपरे तर सरळच होते. शब्दन् शब्द उतरवून घेतला होता पोरीने. कोपरा हा शब्द नव्हता. उलट तिने तो हाताने उलगडला होता, आणि आत्या बाजूला उभी राहून कौतुक करत होती.

पलीकडच्या खोलीतून हिल्मीचा आवाज येत होता. ताईचं वय झालं, तो वडिलांना सांगत होता, आता जरा शोरूमकडून लक्ष घालायला हवं. ही खुर्ची त्याला कधीपासून हवी होती. आता तिने बाहेर जाऊन नुसतं "वहीत नाही सापडलं" म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. पोरगी घरी गेली असती, पोर्टसईदला गेली असती, दोन वर्षांत सगळे विसरले असते. आणि बदरावींच्या कारखान्याची स्मरणशक्ती म्हणून वडील जिला पाहुण्यांसमोर पुढे करायचे, ती इन्साफ तशीच राहिली असती. तिला स्वतःची शरम वाटली. तिने वही काखेत मारली.

"वहीत नाही," ती दारातून म्हणाली.

हिल्मीने हात पसरले. "बघा."

"पूर्ण ऐक. वहीत नाही, कारण मी कधी लिहिलंच नाही." तिने वही वडिलांच्या मांडीवर ठेवली आणि कोपरा दुमडून दाखवला. "मी हे करायचे. बघून झालं की हे. बावीस वर्षं. मी लिहिलं नाही, सांगितलं नाही, रिहामने कोपरे उलगडले तेव्हा मी शेजारी उभी होते आणि हसत होते. यादी हिची नाही चुकली. माझी चुकली. आणि रिफअत विचारायला येत होता त्याचं तोंड मीच बंद केलं."

हाज शलबींनी कोपरा सरळ केला, पुन्हा दुमडला. त्यांची बोटं सुरकुतलेली होती, पण घडी बरोबर बसली.

"हे तू कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही."

"मी चिठ्ठ्यांचे कोपरे फाडायचो," ते म्हणाले. "वह्या नव्हत्या तेव्हा. तू टेबलाखाली बसून ते तुकडे गोळा करायचीस." त्यांनी वही मिटली. "मीही नव्हतं कोणाला सांगितलं."

रिफअत उठला. त्याने मुलीकडे बघितलं. मग तो जिन्याकडे निघाला.

"कुठे चाललास?" हिल्मीने विचारलं.

"पटाशी आणायला."

*

असरनंतर लुत्फी उस्ताद आले, मेव्हणा आला, बायको आली. रिफअत पलंगाजवळ गुडघे टेकून बसला होता. त्याच्याच माणसांनी चार दिवस घासून चढवलेलं पॉलिश होतं, तीन हात, आणि ते त्याला स्वतःच्या हाताने उतरवायचं होतं. "कुठे?" त्याने एवढंच विचारलं. लुत्फी उस्तादांनी डाव्या बाजूचा मागचा खूर दाखवला, भिंतीकडे जाणारा, जिथे कोणीही हलकं लाकूड घुसवेल. रिफअतने पटाशी धरली. तपकिरी साल निघत गेली, वर्खाचे कण त्याच्या मनगटावर चिकटले. आत स्वच्छ, फिकट, बारीक ठिपक्यांचं बीच लाकूड होतं. मेव्हण्याने वास घेतला, चाकू टेकवला, मान हलवली.

"दुसरा खूर," लुत्फी उस्ताद म्हणाले.

रिफअतने दुसरा खरवडला. मग तिसरा. मग कपाटाची पाठ, मग खणाचा तळ. इन्साफला वाटत होतं की आता हा पटाशी फेकून देईल, पण त्याने एक अक्षर काढलं नाही. शेवटी लुत्फी उस्तादांची बायकोच म्हणाली, "पुरे आता. त्या माणसाला उठू द्या."

"लग्नाआधी पुन्हा पॉलिश होईल?" लुत्फी उस्तादांनी विचारलं.

"मी स्वतः करीन," रिफअत म्हणाला.

जाताना त्यांनी मिठाईचा खोका घेतला. हिल्मीला तेवढाच आपला विजय वाटला.

बाकीच्या दहा घरांना फोन इन्साफनेच करायचे असं ठरलं. ठरवलं हाज शलबींनी, आणि काय बोलायचं तेही त्यांनीच सांगितलं. न दाखवता रंगवलं, चूक आमची, या, बोट ठेवाल तिथे खरवडून दाखवू. पाच फोन होईपर्यंत तिने इतक्या शिव्या खाल्ल्या की सहाव्याला ती आधीच "बोला" म्हणून गप्प बसली. सिस्टीम बंद करायचं पुन्हा कोणी बोललं नाही. कोणाच्या लक्षात राहिलं नाही, की कोणाला आठवण करून द्यायची नव्हती, ते तिला कळलं नाही.

वर रिहाम स्क्रीनसमोर बसली होती. म्हणजे उभी होती, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. तिला कोणी बसू नकोस म्हटलं होतं आणि बस म्हणून अजून कोणी सांगितलं नव्हतं. तिने सुतारकाम आणि पॉलिश यांच्या मधे नवी ओळ उघडली होती.

"काम करणाऱ्याचं नाव विचारतंय," ती म्हणाली.

"इन्साफ लिही," रिफअत म्हणाला. त्याच्या बाह्यांवर वर्ख चमकत होता.

"काम काय, असं विचारतंय."

"थांबणे," इन्साफ वैतागून म्हणाली. "घरचे लोक येईपर्यंत थांबणे. लिही तसंच. वेळ, तीन दिवस. आणि त्या बासिलला कळव की दुम्यातमध्ये थांबायलाही माणूस लागतो."

रिहामने लिहिलं. मग तिचे हात कळफलकावर तसेच राहिले. "ती रजेवर असेल तर बदली कोण, असं विचारतंय. ते भरल्याशिवाय पुढे जात नाही."

हिल्मी पुढे झाला. रिफअतने दुसरीकडे बघितलं. इन्साफने काही सांगायचं नाही असं ठरवलं आणि ओठ आत ओढून धरले. खिडकीजवळ हाज शलबी डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं.

"रिहाम रिफअत शलबी बदरावी," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "पूर्ण नाव लिही. आणि बसून लिही, पोरी, उभ्याने चुका होतात."

तिने खुर्ची ओढून घेतली.